पाऊस केव्हा येणार?

मे महिना अर्धा सरला की वसई तालुक्यात जो तो एकच प्रश्न विचारू लागतो : यंदा पाऊस केव्हा येणार? अर्नाळा, पाचूबंदर येथे वलांडींवर बोंबील सुकत असतात. मिठागरांत मिठाच्या राशी उघड्यावर असतात. पूर्वेकडच्या गावांत शेतकरी राब भाजून पावसाची वाट पाहत असतो. पाऊस चार दिवस अलीकडे आला काय, किंवा पलीकडे गेला काय, शाळकरी मुलांचे फारसे बिघडत नाही. या मंडळींची कमाई मात्र त्या चार दिवसांवर अवलंबून असते. म्हणून हवामान खात्याचा अंदाज नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपण समजून घेऊ.

हवेत पाणी आहे, पण पाऊस नाही

वसई सुमारे 19.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 17 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तरीही विदर्भात पारा 42-43 अंश सेल्सियसवर चढलेला असताना वसईत तो बहुधा 33-34 अंशांवरच थांबतो. याचे कारण समुद्र. 1 ग्रॅम पाण्याचे तपमान 1 अंशाने वाढवण्यास 1 कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या वाळूला याच्या सुमारे एक पंचमांश उष्णता पुरते. दुपारी जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारे वारे येतात. ते गारवा आणतात, पण त्याबरोबर बाष्पही आणतात.

हे बाष्प किती असते? हवेचे तपमान 33 अंश व दवबिंदू 25 अंश असेल, तर दर घनमीटर हवेत सुमारे 22 ग्रॅम बाष्प असते. तुमचा वर्ग 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 3.5 मीटर उंच आहे असे समजा. गुणाकार करून पाहा : त्या वर्गातील हवेत साडेतीन लिटरांहून अधिक पाणी तरंगत आहे!

मग पाऊस का पडत नाही? वर चढणारी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते. त्यामुळे साधारण 1 किलोमीटर उंचीवर तिच्यातील बाष्पाचे ढग होऊ लागतात. पण मे महिन्यात या दमट थरावर बहुधा जमिनीवरून आलेल्या उष्ण व कोरड्या हवेचा थर पसरलेला असतो. खालून आलेला हवेचा लोट तेथे पोचला की भोवतालच्या हवेपेक्षा थंड, म्हणून जड ठरतो आणि अडतो. जणू भांड्यावर झाकण ठेवलेले असते. ढग कापसाच्या बोंडांएवढे होतात आणि विरून जातात. एखाद्या संध्याकाळी हे झाकण कोठेतरी फुटते, ढग झपाट्याने वर चढतो आणि विजांच्या कडकडाटासह वळीव कोसळतो.

पहिली सर म्हणजे मान्सून नव्हे

वळीव आणि मान्सून यांत येथेच फरक आहे. मान्सूनमध्ये पश्चिमेकडील वाऱ्यांचा दमट थर कित्येक किलोमीटर जाड होतो आणि झाकण उरतच नाही. म्हणूनच केरळात मान्सून आल्याचे जाहीर करताना केवळ पाऊस पाहत नाहीत. 10 मेनंतर ठरावीक 14 केंद्रांपैकी निदान 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो. शिवाय पश्चिमी वाऱ्यांची जाडी व वेग आणि ढगांचे आवरण यांच्याही अटी आहेत.

27 मे, अधिक-उणे 4

आता 2025 सालचे उदाहरण घ्या. केरळात मान्सून येण्याची सरासरी तारीख 1 जून, तर मुंबईची 11 जून आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने त्या वर्षी केरळसाठी 27 मे ही तारीख वर्तविली आणि तिच्यासोबत ‘अधिक-उणे 4 दिवस’ असे म्हटले. बहुतेकांनी फक्त 27 हा आकडा लक्षात ठेवला. प्रत्यक्षात मान्सून 24 मे रोजी आला. अंदाज चुकला काय? नाही. अंदाजाचा अर्थ ‘23 ते 31 मे’ असाच होता. प्रयोगशाळेत तुम्ही लांबी मोजता तेव्हा मोजपट्टीची त्रुटी लिहिता ना? त्यातलाच हा प्रकार. त्रुटीशिवाय लिहिलेली तारीख ही अर्धीच तारीख होय.

लगेच 26 मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला, म्हणजे सरासरीहून 16 दिवस आधी. यापूर्वीची सर्वांत लवकरची तारीख 29 मे होती. ती 1956, 1962 आणि 1971 साली नोंदली गेली होती. पण पुढे काय झाले ते महत्त्वाचे. मेच्या अखेरीपासून जवळजवळ जूनच्या मध्यापर्यंत मान्सूनची आगेकूच थबकली. पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभागाला शेतकऱ्यांना सांगावे लागले. पाऊस लवकर आला म्हणजे तो टिकेल असे नव्हे, ही गोष्ट भाताचे बी टाकणाऱ्याने विसरून चालत नाही.

तीन प्रश्न, तीन अंदाज

‘यंदा पाऊस कसा?’ हा पहिला प्रश्न. याचे उत्तर देशाच्या चार महिन्यांच्या एकूण पावसाबद्दल असते. 1988 साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली 16 घटकांवर आधारलेले प्रारूप वापरात आले. 2002 च्या दुष्काळाचा अंदाज मात्र त्याला देता आला नाही आणि पुढे नवी प्रारूपे आली. 2025 च्या मेअखेर सरासरीच्या 106 टक्के, अधिक-उणे 4, असा अंदाज होता. पाऊस 108 टक्के झाला. परंतु या आकड्यावरून वसईत अमुक दिवशी काय होईल हे कळत नाही.

‘येत्या पंधरवड्यात काय?’ हा दुसरा प्रश्न. वातावरणाच्या आजच्या मोजमापातील बारीक चूक दिवसागणिक वाढत जाते, म्हणून येथे कल कळतो, दिवस नव्हे.

‘उद्या-परवा काय?’ हा तिसरा. उपग्रह, रडार व संगणक यांमुळे याचे उत्तर आज बरेच भरवशाचे झाले आहे. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाचा इशारा काही दिवस आधीच मिळाला होता आणि मच्छीमारांना समुद्रात न जाण्यास सांगितले गेले होते. 17 मे रोजी ते मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेले. त्या दिवशी बॉम्बे हाय परिसरात पी-305 हा बार्ज बुडून 70 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इशारा नुसता मिळून भागत नाही; तो वेळेत पाळावा लागतो.

अंदाजातील शब्दही नीट वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर. वाड्याला पाऊस झाला आणि विरार कोरडे राहिले, तरी तो अंदाज खरा असू शकतो. रंगांचा अर्थही असाच आहे : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे कृती करा.

या सुट्टीत एक वही करा. रोज रात्री पालघर जिल्ह्याचा दुसऱ्या दिवसाचा आणि पाचव्या दिवसाचा अंदाज लिहा. त्या-त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडले ते शेजारी नोंदवा. महिनाभराने दोन्ही रकान्यांतील बरोबर ठरलेले अंदाज मोजा. शेजारच्या घरी बोंबील वाळत असतील किंवा बियाणे भिजत घालायचे असेल, तर कोणत्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा, हे तुम्ही त्यांना आकड्यांनिशी सांगू शकाल.