सीट बेल्टची सक्ती आणि आपल्या जंगलवाटा

मोटारीत बसणाऱ्याने सीट बेल्ट लावावा की लावू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्यात सरकारने का पडावे, असा सवाल पुष्कळ सुजाण माणसेही करतात. दारू पिऊन गाडी चालवणारा दुसऱ्याच्या जिवावर उठतो, म्हणून त्याला शिक्षा व्हावी हे कोणालाही पटते. परंतु पट्टा न लावणारा फार तर स्वतःचे नुकसान करून घेतो. मग त्याच्या हातात दंडाची पावती का ठेवायची? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या वनजिल्ह्यांतील रस्त्यांवर तो कितपत टिकतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १३८ प्रमाणे, ज्या वाहनात पट्टे बसवलेले आहेत त्या वाहनाचा चालक, पुढच्या आसनावरील व्यक्ती आणि पुढे तोंड करून असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवासी या सर्वांनी वाहन चालू असताना पट्टा लावलाच पाहिजे. मागे बसणाऱ्याला पट्ट्याची सक्ती नाही, ही आपल्याकडची सार्वत्रिक समजूत सपशेल चुकीची आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९४ बी आले. त्यानुसार स्वतः पट्टा न लावणाऱ्या किंवा पट्टा न लावलेले प्रवासी नेणाऱ्या चालकास एक हजार रुपये दंडाची तरतूद झाली. चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याविना नेल्यासही तेवढाच दंड सांगितला आहे.

आता हा पट्टा करतो काय? गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा आत बसलेला माणूसही त्याच वेगाने जात असतो. गाडी झाडावर आदळून थांबते, माणूस थांबत नाही. तो काचेवर, चाकावर किंवा समोरच्या आसनावर जाऊन आदळतो. हा आदळण्याचा वेग सुमारे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडल्याइतका असतो. हात टेकवून स्वतःला सावरू म्हणणाऱ्याने त्या गच्चीवरून खाली पाहून विचार करावा. पट्टा हा धक्का कमरेची हाडे, छाती आणि खांदा या शरीराच्या मजबूत भागांवर वाटून देतो आणि माणसाला आसनातच धरून ठेवतो. आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्हॉल्वो कंपनीतील अभियंता नील्स बोलिन यांनी सिद्ध केला. त्यापूर्वी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असत. कंपनीने आपले पेटंट इतर कारखानदारांसाठी खुले ठेवले. जगभरच्या मोटारींत तोच पट्टा आला, त्याचे हे एक मोठे कारण.

पुढच्या आसनावर बसणाऱ्याच्या मृत्यूचा धोका पट्ट्यामुळे जवळजवळ निम्म्याने कमी होतो. एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की एअरबॅगची रचना पट्टा लावलेल्या माणसासाठी केलेली असते. पट्ट्याविना पुढे फेकल्या गेलेल्या देहावर ती स्फोटासारखी उघडली, तर तीच इजा करू शकते.

‘इजा झाली तर ती माझी मला’ हे म्हणणे येथेच डळमळू लागते. मागच्या आसनावर पट्टा न लावता बसलेला साठ किलोचा माणूस अपघाताच्या क्षणी पुढच्याच्या पाठीवर आदळतो. पुढच्याने पट्टा लावलेला असला तरी मागचा धक्का त्याला चिरडू शकतो. चालकाचा विचार करा. चंद्रपूरहून मूलकडे जाताना चिचपल्लीच्या परिसरात किंवा आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर, सायंकाळी चितळांचा कळप, रानडुक्कर किंवा एखादी नीलगाय अचानक रस्त्यावर येते. करकचून ब्रेक लागतो, गाडी घसरते. अशा वेळी पट्टा लावलेला चालक आसनात स्थिर राहतो आणि चाक त्याच्या हातात राहते. पट्टा नसेल तर तो बाजूला फेकला जातो आणि पुढची गाडी कोणाच्याच ताब्यात नसते. समोरून सायकलवर शाळेची मुले येत असतील, तर ते नुकसान केवळ चालकाचे म्हणता येईल काय?

आणखी एक गोष्ट आपल्या भागात विशेष लागू पडते. येथे गंभीर जखमीचा प्रवास अपघातस्थळी संपत नाही. डोक्याला किंवा मणक्याला मार असेल तर ग्रामीण रुग्णालय, तेथून जिल्हा रुग्णालय आणि तेथून बहुधा नागपूर. चंद्रपूरपासून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर दूर. सिरोंचाच्या माणसाला तर गडचिरोली गाठण्यासाठीच दोनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. मुंबईत जी जखम वेळेवर शस्त्रक्रिया झाल्याने बरी होते, तीच येथे वाटेतच जीव घेते. शहरात पट्टा उपयुक्त असेल, तर जंगलात तो अधिक उपयुक्त आहे. आपल्याकडे मात्र समज नेमका उलटा: चौकात पोलीस दिसला की पट्टा ओढायचा आणि गाव मागे पडले की सोडायचा.

मग समजावून सांगितले तर पुरणार नाही काय? सक्तीच कशाला? याचे उत्तर इंग्लंडच्या अनुभवात आहे. तेथे १९७० च्या दशकात दूरदर्शनवरून पट्ट्याचा वर्षानुवर्षे प्रचार झाला, तरीही पट्टा लावणारे साधारण चाळीस टक्क्यांच्या पुढे गेले नाहीत. ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या आसनांसाठी सक्ती आली आणि थोड्याच काळात प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. लोकांना एकाएकी शहाणपण सुचले असे नव्हे. बहुतेकांना पट्ट्याचे महत्त्व आधीच पटलेले होते, फक्त हात तिकडे जात नव्हता. कायद्याने सवय लावली. ही सक्ती आधी तीन वर्षांच्या प्रयोगापुरती होती. १९८६ साली ती कायम झाली. त्याहीपूर्वी, १९७० साली, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने जगातील पहिला असा कायदा केला होता. उलट अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर या राज्याने व्यक्तिस्वातंत्र्याचा मान राखून प्रौढांवर अशी सक्ती कधीच केलेली नाही.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेण्याजोगा आहे. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जॉन ॲडम्स यांनी असे मांडले की पट्ट्याने सुरक्षित वाटू लागलेला चालक अधिक बेदरकार होतो आणि त्याची किंमत पायी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना मोजावी लागते. यावर अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले. पट्ट्याने आतले लोक वाचतात याविषयी आता शंका उरलेली नाही. पण रस्त्यावरचे सर्वच पट्ट्याने वाचतात असा दावा कोणी करू नये. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. पट्टा न लावलेले मृत १६,७१५ होते. त्यांपैकी ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी, म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे. हे सर्वच पट्ट्याने वाचले असते असे नाही. परंतु पट्टा हा केवळ चालकाचा विषय नाही, एवढे या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

मागच्या आसनाच्या प्रश्नाकडे महाराष्ट्राचे लक्ष दोन मृत्यूंनी वेधले. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत मोटारीच्या मागच्या आसनावर बसले असताना अपघातात गेले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागे बसलेले सहप्रवासी मरण पावले. पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, सुरक्षेची सर्व साधने तिच्यात होती. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याची अंमलबजावणी जाहीर केली. त्याच सुमारास बाजारात मिळणाऱ्या एका वस्तूची चर्चा झाली. पट्टा न लावल्यास वाजणारी घंटी बंद करण्यासाठी कुलपात खुपसायची रिकामी क्लिप! पट्टा लावण्यापेक्षा घंटी बंद पाडण्यासाठी पैसे मोजणारी माणसे आपल्यात आहेत. २०२३ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना ती हटविण्याचे आदेश दिले.

आपल्या श्रद्धेच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. दारू किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर स्वतःच्या व इतरांच्या जिवाला धोका निर्माण करणे हा गंभीर दोष आहे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत (परिच्छेद २२९०) म्हटले आहे. तेथे ‘स्वतःच्या’ हा शब्द आहे, हे ध्यानात घ्यावे. जून २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा होत्या आणि पहिली आज्ञा खून न करण्याची होती. आपल्या कित्येक गाड्यांत आरशाला जपमाळ असते, डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफर असतो आणि बाजूला पट्टा धूळ खात लोंबत असतो.

येथपर्यंत सक्तीची बाजू मला निःसंशय बरोबर वाटते. परंतु आपल्या जिल्ह्यांत उभे राहून पाहिले की कायद्याची एक उणीव डोळ्यांत भरते. नियम आहे तो ‘पट्टे बसवलेल्या’ वाहनातील ‘पुढे तोंड करून असलेल्या’ आसनांसाठी. काळी-पिवळीच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकडी असतात. बसणाऱ्यांचे तोंड बाजूला. तेथे पट्टा नाही, म्हणून पट्टा न लावण्याचा गुन्हाही नाही. धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जाणारे मजूर पिकअपच्या हौद्यात, गाठोड्यांवर, लेकरांना मांडीवर घेऊन रात्रभर प्रवास करतात. लग्नाचे वऱ्हाडही असेच निघते. मालवाहू गाडीत माणसे नेणे बेकायदा आहे आणि परवान्यापेक्षा अधिक प्रवासी नेणाऱ्या वाहनाला कलम १९४ ए खाली प्रत्येक जादा माणसामागे दोनशे रुपये दंड आहे. पण ज्या गावाला दिवसातून एखादीच एसटी येते, तेथील माणसाला दंडाच्या भीतीने घरी बसणे परवडत नाही. सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या वाटेने धावू लागल्यापासून याच रस्त्यांवर समोरच्या वाहनाचे वजनही कितीतरी पटींनी वाढले आहे.

म्हणून आपल्याकडे पट्ट्याच्या आधी प्रत्येक माणसाला स्वतःचे आसन, हा प्रश्न येतो. तो सोडविण्याची मोठी जबाबदारी शासनाची आहे: पुरेशा एसटी गाड्या आणि मजुरांची ने-आण करणाऱ्या ठेकेदारावर प्रवासी वाहनाची सक्ती. पट्ट्याच्या कलमातून काही वर्गांतील प्रवासी वाहने अधिसूचनेद्वारे वगळण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. तो अधिकार पुढे तोंड असलेल्या आसनांच्या जीपगाड्यांसाठी वापरला जाऊ नये, अशी मागणी आपल्या ग्रामसभांतून करता येईल.

जे आपल्या हाती आहे ते लहान आहे, पण नेमके आहे. धर्मग्रामातून लग्नासाठी, यात्रेसाठी वा रुग्णाला नेण्यासाठी गाडी ठरवताना भाड्याआधी आसने मोजावीत आणि पट्टे ओढून पाहावेत. झटका दिल्यावर पट्टा अडला पाहिजे. गरोदर स्त्रीने पट्टा टाळू नये. खालचा भाग पोटाखालून, कमरेच्या हाडांवरून आणि वरचा दोन्ही स्तनांमधून घ्यावा. तान्हे मूल पुढच्या आसनावर मांडीवर कधीच घेऊ नये. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी आदळली तर दहा किलोचे बाळ क्षणभर सुमारे दोनशे किलोचे होते, आणि कोणत्याही आईच्या हातांत ते ठरत नाही. लहान मुलांसाठी वेगळे आसन मिळते. ते नसेल तर मुलाला मागे बसवावे. आणि घरातील चालक पट्टा लावण्यास टाळाटाळ करीत असेल, तर मागे बसलेल्याने आपला पट्टा लावून ‘तुझा लागेपर्यंत गाडी हलवू नकोस’ असे म्हणावे. एवढे म्हणण्याचा अधिकार सासऱ्यालाही आहे आणि शाळकरी नातवालाही.