ऋतू बदलला की फाउंडेशनची शेड का चुकते: रंगमापनाचा एक उपयोजित पाठ

रंगमापनाच्या पुस्तकांत उदाहरणे येतात ती बहुधा मोटारीच्या रंगाची, कापडाची किंवा छपाईच्या शाईची. या टिपणात आपण त्याऐवजी चेहऱ्याला लावायचे फाउंडेशन घेणार आहोत. मोटारीचा पत्रा वर्षभर तोच राहतो. त्वचा राहत नाही. जानेवारीत बरोबर बसलेली शेड मे महिन्यात राखेरी दिसू लागते. मग बाटलीलाच दोष देऊन दुसऱ्या कंपनीची बाटली आणली जाते, आणि तीही दिवाळीनंतर चुकते. बदल नेमका कशात होतो हे आकड्यांत पाहिले तर हा खर्च बराच टळतो. त्यासाठी बारावीपर्यंतची त्रिकोणमिती पुरेशी आहे.

त्वचा का रापते

त्वचेचा रंग मुख्यतः मेलानिन या रंगद्रव्यावर आणि त्वचेखालच्या रक्तावर ठरतो. उन्हातील अतिनील किरणांपैकी यूव्हीए किरणांमुळे आधीच असलेले मेलानिन काही मिनिटांत ते काही तासांत गडद होते; हा परिणाम बराचसा लवकर ओसरतो. यूव्हीबी किरणांमुळे नवे मेलानिन तयार होऊ लागते. ते दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि वरचा थर झडेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, ते टिकते. त्यामुळे सहलीहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेड निवडायला जाऊ नका. त्या दिवशीची त्वचा पुढच्या आठवड्यातली नसते.

हा बदल किती होईल ते तुम्ही कुठे राहता यावरही अवलंबून आहे. डिसेंबरच्या संक्रमणकाळी दुपारी सूर्याची उंची काढण्याचे सूत्र सोपे आहे: ९० अंशांतून त्या गावाचे अक्षांश आणि २३.४ वजा करा. दिल्लीसाठी (अक्षांश सुमारे २८.६) उत्तर येते ३८ अंश. तिरुवनंतपुरमसाठी (सुमारे ८.५) येते ५८ अंश. सूर्य जितका खाली, तितका किरणांचा वातावरणातला रस्ता लांब, आणि यूव्हीबी तितके जास्त गाळले जाते. जूनमध्ये मात्र दिल्लीत हीच उंची सुमारे ८५ अंश होते. त्यात दिल्लीच्या थंडीत अंग झाकलेले असते. म्हणून उत्तरेकडे हिवाळा आणि उन्हाळा यांतला फरक मोठा, तर दक्षिण टोकाला तुलनेने लहान. नागपूर, पुणे, हैदराबाद मधे कुठेतरी येतात. पावसाळ्यात ढगांमुळे किरण कमी होतात, पण पूर्ण थांबत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात आकाश मोकळे होते आणि थोडे रापणे पुन्हा सुरू होते. म्हणजे आपल्याकडे वर्षातून एक नव्हे, दोन चढ असू शकतात.

रंगाचे तीन आकडे

‘गोरा’, ‘गव्हाळ’, ‘सावळा’ हे शब्द बोलण्यापुरते ठीक आहेत, मोजण्यासाठी नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रकाशमापन आयोगाने, म्हणजे सीआयईने, १९७६ साली रंगासाठी तीन अक्षांची एक पद्धत दिली. एल हा अक्ष उजळपणाचा: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. ए हा अक्ष हिरव्याकडून लालाकडे जातो, बी हा निळ्याकडून पिवळ्याकडे. दोन रंगांतील फरक म्हणजे या त्रिमितीतले अंतर: तिन्ही फरकांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढायचे. त्याला डेल्टा ई म्हणतात. साधारण १ ते २ इतका डेल्टा ई शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन सपाट पृष्ठभागांत जाणकार डोळ्याला कळू लागतो. अधिक अचूक कामासाठी सीआयईडीई २००० हे सुधारित सूत्र आहे, पण समजून घ्यायला जुनेच बरे.

आता एक काल्पनिक पण संभाव्य उदाहरण घेऊ. एका गव्हाळ वर्णाच्या व्यक्तीचा गाल जानेवारीत एल ५६, ए ११, बी १९ आहे. मे महिन्यात तोच एल ५१, ए १२, बी २० झाला. फरक ५, १ आणि १. वर्गांची बेरीज २७, वर्गमूळ सुमारे ५.२. हा फरक कोणालाही दिसेल. पण तो कुठल्या अक्षावर झाला ते पाहा: जवळजवळ सगळा एलवर. रंगछटेचा कोन, म्हणजे बी भागिले ए याचा आर्कटॅन, जानेवारीत सुमारे ६० अंश होता, मेमध्ये ५९. याचाच अर्थ, सौंदर्यप्रसाधनांच्या भाषेत ज्याला अंडरटोन म्हणतात तो जवळपास जागच्या जागी आहे. खाली आला आहे तो उजळपणा. ऋतू बदलला की ‘वॉर्म’ सोडून ‘कूल’ घ्या असा सल्ला मिळाला, तर तो शंकेने ऐकावा.

याच व्यक्तीसमोर दोन बाटल्या आहेत. पहिलीचा वाळल्यानंतरचा रंग एल ५३, ए ८, बी १८; दुसरीचा एल ५०, ए १२, बी २३. मे महिन्यातल्या त्वचेशी पहिलीचा डेल्टा ई ४.९ येतो, दुसरीचा ३.२. जानेवारीतल्या त्वचेशी हेच आकडे ४.४ आणि ७.३. हिवाळ्यात पहिली बरी, उन्हाळ्यात दुसरी. मात्र पहिली मेमध्ये का खटकते ते नीट पाहा. उजळपणात ती फक्त २ ने वर आहे. खरी उणीव लाल अक्षावर आहे, ४ ने. त्वचेपेक्षा उजळ आणि त्याच वेळी रंगाने फिकी अशी वस्तू चेहऱ्यावर राखेसारखी दिसते. ‘फाउंडेशन लावलं की चेहरा राखेरी दिसतो’ या तक्रारीचे हे गणित आहे. सावळ्या आणि गडद त्वचेच्या लोकांना ती जास्त करावी लागते, कारण बाजारातल्या गडद शेड कितीतरी वर्षे मोजक्याच होत्या आणि फिक्या शेडमध्ये थोडा काळा रंग मिसळावा तशा त्या दिसत. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटीने एकदम ४० शेड बाजारात आणल्यावर हा प्रश्न उघडपणे बोलला जाऊ लागला.

त्वचेसाठी आणखी एक कोन वापरतात. एलमधून ५० वजा करा, त्याला बीने भागा, आर्कटॅन काढा. याला इंडिव्हिज्युअल टायपॉलॉजी अँगल किंवा आयटीए म्हणतात. ५५ अंशांच्या वर अतिशय उजळ, ४१ ते ५५ उजळ, २८ ते ४१ मध्यम, १० ते २८ टॅन, उणे ३० ते १० ब्राऊन आणि त्याखाली गडद असे त्याचे गट आहेत. आपल्या उदाहरणात कोन १७.५ वरून २.९ वर आला, म्हणजे व्यक्ती तीच, पण गट बदलला. फिट्झपॅट्रिक प्रकारांशी याची गल्लत करू नका. ती १९७५ पासूनची पद्धत त्वचा उन्हात भाजते की रापते यावर आधारलेली आहे. रंग जुळवण्यासाठी ती बनवलेली नाही.

बाटलीत काय असते

शेड कितीही असोत, रंग बहुतेक वेळा चारच द्रव्यांतून बनतो: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाचे पिवळे, लाल व काळे ऑक्साइड. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.५ ते २.७ इतका मोठा असल्याने तो प्रकाश जोरात विखुरतो आणि झाकण्याचे काम करतो.

लावल्यानंतर अर्ध्या तासात रंग गडद झाला की ‘फाउंडेशन ऑक्सिडाइझ झालं’ असे म्हणतात. पण लाल आणि पिवळ्या ऑक्साइडमधले लोह आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत असते. बहुतेक वेळा घडते ते वेगळेच: द्रवातला उडून जाणारा भाग, पाणी किंवा हलके सिलिकोन, निघून जातो, रंगद्रव्याचे प्रमाण वाढते आणि त्वचेचे तेल त्यात मिसळते. ओला सिमेंटचा गिलावा आणि वाळलेला गिलावा यांचा रंग वेगळा दिसतो, तसाच हा प्रकार, फक्त दिशा उलटी असू शकते. नाव काहीही द्या, नियम एकच: ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटे थांबा. उन्हाळ्यात घाम आणि तेल जास्त असते, तेव्हा आणखी थांबा.

दुकानात

मनगटाच्या आतल्या बाजूला ऊन सर्वांत कमी लागते, हाताच्या पाठीला भरपूर. दोन्ही जागा चेहऱ्याबद्दल काही सांगत नाहीत. जबड्याच्या कडेवर, गाल आणि मान दोन्हींना शिवेल अशी बोटभर पट्टी ओढा. तीन शेड शेजारी-शेजारी लावा: अंदाजाने योग्य वाटणारी, एक तिच्यापेक्षा गडद, एक उजळ. उन्हाळ्यात चेहरा मानेपेक्षा जास्त रापलेला असतो. मग जुळवायचे कशाशी? माझ्या मते मानेशी, कारण साडीच्या किंवा कुर्त्याच्या गळ्यातून दिसते ती मान. फरक फारच असेल तर मधली शेड. सनस्क्रीन रोज वापरत असाल तर लावूनच जा. काही सनस्क्रीन स्वतःचा पांढरट थर सोडतात.

शिरा निळ्या दिसतात की हिरव्या, यावरून अंडरटोन ओळखण्याची चाचणी मला फारशी पटत नाही. शिरेचा रंग हा बराचसा विखुरलेल्या प्रकाशाचा आणि आजूबाजूच्या त्वचेशी होणाऱ्या विरोधाचा खेळ आहे, आणि गडद त्वचेवर शिरा दिसतच नाहीत. त्यापेक्षा एकाच उजळपणाच्या दोन शेड, एक पिवळसर आणि एक लालसर, शेजारी लावून पाहा. कंपन्यांच्या क्रमांकांवरही भिस्त ठेवू नका. त्यांचे सामाईक प्रमाण नाही. मॅकच्या क्रमांकात तर ‘एनसी’ ही पिवळसर सोनेरी छटेची आणि ‘एनडब्ल्यू’ ही गुलाबीसर छटेची असते, म्हणजे इतर बऱ्याच कंपन्यांत सी आणि डब्ल्यू या अक्षरांचा जो अर्थ घेतात त्याच्या उलट.

सर्वांत जास्त फसवतो तो दुकानातला दिवा. दोन वस्तू एका प्रकाशात सारख्या आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसण्याला मेटामेरिझम म्हणतात. त्वचेचा वर्णपट हिमोग्लोबिन आणि मेलानिनचा, फाउंडेशनचा लोहाच्या ऑक्साइडचा. दोन्ही मुळातच वेगळे. त्यात स्वस्त एलईडी दिवे गडद लाल रंगात कमकुवत असतात. खोक्यावर छापलेला सीआरआय हा आठ फिक्या नमुन्यांची सरासरी असतो, आणि गडद लाल नमुना, ज्याला आर ९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेला नसतो. म्हणून पट्टी लावून दुकानाबाहेर या, सावलीत उभे राहून दिवसाच्या उजेडात आरशात पाहा. विक्रेत्याने ‘एक शेड उजळ घ्या, फोटोत छान दिसेल’ म्हटले तरी घेऊ नका. ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये बदलले, पण काउंटरवरची ही सवय अजून बदललेली नाही.

एक बाटली की दोन

३० मिलीची बाटली आणि एका वेळी अर्धा मिली असा हिशोब धरला तर ६० वेळा पुरते. बाटलीवर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात १२ असेल, तर उघडल्यापासून १२ महिने. रोज लावणाऱ्याने उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची अशा दोन बाटल्या ठेवायला हरकत नाही. आठवड्यातून एकदा लावणाऱ्याची मात्र एकही मुदतीत संपणार नाही. त्यांनी पातळ झाकणारे, म्हणजे खालची त्वचा दिसू देणारे उत्पादन घ्यावे. थर जितका अपारदर्शक, तितकी जुळणी काटेकोर लागते.

दोन शेड मिसळणे हाही मार्ग आहे, पण मिश्रण सरासरीवर येत नाही. कुबेल्का आणि मुंक यांच्या १९३१ च्या सिद्धांतानुसार मिसळते ते परावर्तन नव्हे, तर शोषण आणि विखुरण यांचे गुणोत्तर. परावर्तन आर असेल तर हे गुणोत्तर म्हणजे (१ − आर) चा वर्ग भागिले २ आर. एक शेड ५० टक्के परावर्तित करते, गुणोत्तर ०.२५. दुसरी २० टक्के, गुणोत्तर १.६. दोन्ही सारखेच विखुरतात असे धरून निम्मे-निम्मे मिसळले तर गुणोत्तर ०.९२५, आणि त्यावरून परावर्तन सुमारे २८ टक्के, ३५ नव्हे. उजळपणात सांगायचे तर ७६ आणि ५२ यांचे मिश्रण ६४ वर न थांबता ६० वर जाते. उजळ शेडमध्ये पांढरे द्रव्य जास्त असल्याने प्रत्यक्षात ते थोडे वर सरकेल. तरी पद्धत हीच ठेवा: उजळ शेडमध्ये गडद शेड थेंबाथेंबाने घाला, उलट नको.

स्वाध्याय

१. वरील दोन बाटल्यांपैकी मार्चअखेरीस कोणती चालेल? त्वचेचा रंग जानेवारी आणि मे यांच्या बरोबर मध्ये आहे असे धरून दोन्हींचा डेल्टा ई काढा.

२. आपल्या गावासाठी २१ डिसेंबर आणि २१ जून या दिवशीची दुपारची सूर्याची उंची काढा. जूनसाठी उत्तर ९० च्या वर आले तर त्याचा अर्थ काय?

३. पांढरा कागद, उघडी त्वचा आणि वाळलेल्या तीन पट्ट्या एकाच फोटोत, खिडकीच्या उजेडात टिपा. फोनचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच ठरवतो, त्यामुळे दोन वेगळ्या फोटोंतील आकड्यांची तुलना करू नका. एकाच फोटोतील फरक मात्र वापरता येतात. कलर पिकर ॲपमधून आरजीबी आकडे घ्या, त्यांचे एल, ए, बीमध्ये रूपांतर करा आणि सर्वांत कमी डेल्टा ई देणारी पट्टी तुमच्या डोळ्याने निवडलेलीच आहे का ते तपासा. दर दोन महिन्यांनी हाच फोटो पुन्हा घ्या आणि प्रत्येक वेळी कोणती पट्टी जवळची ठरते ते तक्त्यात मांडा.