जुना लॅपटॉप, नवी डिस्क

आपल्या बऱ्याच घरांत एक जुना लॅपटॉप असतो. बटण दाबून चहा टाकावा, चहा झाला तरी तो तयार नसतो. मुले म्हणतात, नवा घ्या. आम्ही म्हणतो, जरा थांबा. दोष बहुधा आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. ती सेकंदाला साधारण 100 एमबी वाचते. साटा एसएसडी 500 च्या आसपास. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली लागतात, तिथे तर फरक याहून खूप मोठा.

डिस्क बसवणे चार स्क्रूंचे काम. अवघड आहे ते विंडोज तिच्यावर नेणे. सी ड्राइव्ह नुसता कॉपी केला तर कॉम्प्युटर सुरू होत नाही, कारण सुरू होण्याची व्यवस्था डिस्कच्या एका लहान, लपलेल्या भागात असते. म्हणून पूर्ण डिस्कचा क्लोन करायचा. एसएसडी यूएसबी-साटा केबलने जोडावी. क्लोनझिला मोफत आहे, मात्र त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. बिटलॉकर असेल तर आधी बंद करावा, रिकव्हरी की कागदावर उतरवावी.

आणि खरी भीती इथे आहे: कुठून आणि कुठे, हे उलटे निवडले तर कोरी डिस्क जुनीवर उतरते. निकाहाचे फोटो, मुलांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे, मरहूम दादांचा रेकॉर्ड केलेला आवाज, सगळे जाते. म्हणून आधी हे सारे वेगळ्या डिस्कवर घ्या, मगच क्लोनला हात लावा. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर आधी फक्त डेटा वाचवा.

क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढूनच पहिल्यांदा सुरू करावे. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलल्याने सहसा जात नाही. पण एसएसडीने विंडोज 11 ची पात्रता येत नाही. त्याला टीपीएम 2.0 आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हे दुकानदार सांगेलच असे नाही.

जुनी डिस्क महिनाभर कपाटात राहू द्या. तिच्यात शेजाऱ्यांचे आधार कार्ड, बहिणीचे बँकेचे कागदही असतात, ती अमानत आहे. भंगारात देताना क्विक फॉरमॅट पुरत नाही. पूर्ण डिस्कवर शून्ये लिहून घ्या, नाहीतर हातोडा.