मालकाच्या उंचीवरून

पॅरिस. ओर्से म्युझियमचा पाचवा मजला. रेन्वारच्या ‘मुलँ द ला गालेत’समोर झुंबड उडाली आहे. चित्रात मोंमार्त्रमधला रविवारचा नाच, झाडांतून गळणारे कवडसे, हसरी तोंडं. चित्रापुढे सेल्फी काढणारी तितकीच हसरी तोंडं. गर्दीतून अंग चोरत मी बाहेर पडतो आणि गुस्ताव्ह कायबोतच्या जमीन खरवडणाऱ्या मजुरांपाशी येतो. इथे मात्र जागाच जागा आहे.

तिघेजण. कमरेपर्यंत उघडे, गुडघे टेकून ओणवे. लाकडी जमिनीवरचा जुना काळपट थर ओढून काढण्याचं काम चाललंय. खरवडलेले पट्टे फिके, राहिलेले गडद आणि चकचकीत. आजूबाजूला ढलप्यांची वेटोळी. दोघे हात न थांबवता एकमेकांकडे माना वळवून काहीतरी बोलताहेत. मालकाबद्दलच असणार! डावीकडचा तिसरा हात लांब करून अवजाराकडे झेपावलाय. मागच्या खिडकीतला उजेड त्यांच्या पाठींवर आणि जमिनीवर सारखाच चमकतो. खिडकीबाहेर नक्षीदार लोखंडी कठडा, भिंतीवर सोनेरी पट्ट्या. उजव्या कडेला वाइनची बाटली.

हे घर बहुधा चित्रकाराचंच. वडिलांनी लष्कराला अंथरूण-पांघरूण पुरवून अमाप पैसा केलेला. 1874 साली ते वारले आणि कायबोतला पोटापाण्याची चिंता कधी उरलीच नाही. पुढच्याच वर्षी त्याने हे चित्र ‘सलाँ’ या सरकारमान्य प्रदर्शनाकडे धाडलं. परीक्षकांनी नाकारलं. उघडं पुरुषी शरीर त्यांना नवं नव्हतं, पण ते एखाद्या ग्रीक वीराचं असावं. राबणारा शेतकरीही चित्रांतून येतच होता. इथे मात्र काटकुळ्या हातांचा, घामेजलेला शहरी मजूर होता, आणि तोही पॅरिसच्या उंची दिवाणखान्यात. 1876 साली इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात तो अखेर भिंतीवर लागला.

मी दोन पावलं मागे सरतो. जमिनीच्या फळ्या सरळ माझ्या पायांपर्यंत धावत आल्यासारख्या वाटतात. तिघांचेही माथे माझ्या नजरेखाली. म्हणजे मी दारात उभा आहे, काम कुठवर आलं ते बघायला आलेल्या मालकाच्या जागी! कायबोतने मलाही तिथेच उभं केलंय. माणूस दिलदार होता. मित्रांची चित्रं विकत घेऊन त्यांना जगवायचा. पलीकडे गर्दी खेचणारा तो नाचसुद्धा त्याच्याच संग्रहातला. या मजुरांच्या श्रमाची त्याला जाण आहे, आदरही आहे. पण तो खाली बसलेला नाही.

त्या काळच्या पॅरिसमध्ये मजुराला अख्खा कॅनव्हास देणारे थोडेच, हेही खरं. ओर्सेला गेलात तर नाचापुढची रांग थोडा वेळ सोडा आणि या तिघांसमोर उभे राहा.