छपरावरचे पैसे नेमके येतात कुठून?

"पॅनल लावा आणि घरबसल्या कमवा," असे सांगणारे फोन हल्ली बरेच येतात. त्यातला 'कमवा' हा शब्द जरा तपासून घ्यायला हवा.

पहिला पैसा सरकारचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये देते आणि तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,०००. पुढे पाच किलोवॉट लावा की दहा, आकडा तोच. आणि हे अनुदान एकदाच मिळते, तेही काम झाल्यावर. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, नोंदणीकृत विक्रेत्याकडून देशी बनावटीची पॅनल बसवायची, नेट मीटर लागला आणि वीज कंपनीची पाहणी झाली की रक्कम बँक खात्यात येते. वीजबिल अजून आजोबांच्याच नावावर येत असेल, तर नाव बदलण्याचे काम सगळ्यात आधी उरकून घ्यावे.

खरी बचत त्यानंतर, दर महिन्याला. दुपारी घरात एखादा फ्रिज आणि पंखा चालू असतो. छपरावर तयार होणारी बाकीची वीज बाहेरच्या तारांत जाते. रात्री तीच गरज आपण बाहेरून भागवतो. नेट मीटर दिलेली आणि घेतलेली वीज वेगवेगळी नोंदवतो आणि बिल लागते ते फरकाचे.

आता महावितरणच्या ग्राहकाचा हिशेब मांडू. महिन्याला ३०० युनिट वापरणारे घर घ्या. आपल्याकडे एक किलोवॉट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते, म्हणजे महिन्याला १२०. दोन किलोवॉटचे २४० युनिट वजा झाले की बिलात उरले ६०. घरगुती दरात १०० युनिटांच्या वरचा टप्पा खालच्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट महाग असतो. त्यामुळे वजा झालेल्या २४० पैकी २०० युनिट महागातले असतात, फक्त ४० स्वस्तातले. गंमत पुढे आहे. तिसरा किलोवॉट लावला, तर त्याच्या १२० पैकी ६० युनिट उरलेले स्वस्त युनिट खोडतात आणि ६० शिल्लक पडतात. त्यावर अनुदानही सगळ्यात कमी. विक्रेता मात्र तिसऱ्या किलोवॉटचा आग्रह धरतो, कारण त्याचा नफा किलोवॉटवर ठरतो. लवकरच एसी किंवा विजेची गाडी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

शिल्लक युनिट वाया जात नाहीत, पुढच्या बिलात जमा होतात. एप्रिल-मेच्या उन्हातली शिल्लक जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांना पुरवता येते. पण ३१ मार्चला हा हिशेब मिटतो. तेव्हा उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात ते नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि तो आपण मोजतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. वीज विकून उत्पन्न मिळवायच्या बेताला इथेच खीळ बसते. ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या योजनेत घरात वापरलेल्या युनिटांसकट तयार केलेल्या प्रत्येक युनिटाचे पैसे मिळत. ती नव्या ग्राहकांसाठी २०१९ मध्ये बंद झाली. आपल्याकडचा मुख्य फायदा न भरलेल्या बिलाचा आहे. म्हणून विक्रेत्याला बोलावण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिले काढून बसावे आणि पाण्याच्या टाकीची सावली गच्चीवर कुठे कुठे फिरते, ते एक दिवस पाहावे.

बिल शून्य युनिटांचे आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. आणि बॅटरी नसेल, तर भर दुपारी वीज गेली की छपरावर ऊन असूनही घर बंदच राहते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या पॅनलचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.