'पिंजरा' की 'माणूस'? शांतारामांच्या पन्नास वर्षांचा हिशेब

मराठवाड्यातल्या नायगावात सिनेमाच्या गप्पा रंगल्या आणि व्ही. शांतारामांचं नाव निघालं, की बोलणं फिरून फिरून 'पिंजरा'वर येतं. त्याला कारण आहे. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीनं 'पिंजरा' तंबूत पाहिला, जत्रेत पाहिला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत खरे तमाशाचे फड उतरतात. त्या वातावरणात वाढलेल्या माणसाला पडद्यावरचा फड परका वाटत नाही. ढोलकी कुठं खरी वाजली आणि कुठं नुसती सजावट झाली, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या बाजूला जुने शिक्षक असतात. त्यांनी 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' पाहिलेले असतात आणि त्यांच्या लेखी शांताराम १९४२ साली 'प्रभात'मधून बाहेर पडले तिथंच संपतात. तिसरा गट 'दो आँखें बारह हाथ'वाल्यांचा. हे तिन्ही गट एकमेकांना सहसा पटवू शकत नाहीत. पण वाद घालताना तिघंही एका गोष्टीला धक्का लावत नाहीत: इतका मोठा दिग्दर्शक इतका विषम कसा, हा प्रश्न सगळ्यांनाच पडलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शांताराम चांगल्यावरून वाईटावर गेले, हा नेहमीचा हिशेब मला मान्य नाही. त्यांच्या हातात दाखवण्याची विलक्षण ताकद होती आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत होती. जिथं एखादी भक्कम कथा, तोलामोलाचा लेखक किंवा हट्टी सहकारी त्या ताकदीला आवरायला उभा राहिला, तिथं मोठा सिनेमा झाला. जिथं आवरणारं कुणी उरलं नाही, तिथं दाखवणं तेवढं राहिलं.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ सालचा, कोल्हापूरचा. गंधर्व नाटक मंडळीत काही काळ उमेदवारी केल्यावर ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले आणि तिथं पडेल ते काम करत सिनेमा शिकले. पेंटरांच्या 'सावकारी पाश'मध्ये सावकारामुळं देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याची भूमिका त्यांनी केली होती. १९२९ साली विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट त्यांचाच. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. आज तिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

या काळातही सगळं सोनंच होतं असं कुणी समजू नये. १९३३ च्या 'सैरंध्री'त रंगाचा प्रयोग केला, जर्मनीपर्यंत धाव घेतली, आणि तो फसला. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहनच्या डोळ्याचं पडदाभर दर्शन आहे. ते प्रेक्षकाला खुर्चीत खिळवून ठेवतं, पण सिनेमाचा बराच भाग आज नाटकी वाटतो. मराठवाड्याच्या माणसाला 'धर्मात्मा' (१९३५) जवळचा वाटावा, कारण तो पैठणच्या एकनाथांवर आहे आणि नाथांच्या भूमिकेत खुद्द बालगंधर्व आहेत. त्याचं नाव आधी 'महात्मा' होतं. सेन्सॉरच्या आडकाठीमुळं ते बदलावं लागलं. अस्पृश्यतेच्या प्रश्नाला थेट हात घालणारा हा सिनेमा आहे, हेतू लखलखीत आहे, पण पुरुषाच्या वेषातले बालगंधर्व पडद्यावर अवघडलेले दिसतात. एकनाथांवर आमचं प्रेम आहे म्हणून या सिनेमाला जास्त गुण देणं बरोबर होणार नाही.

खरा शांताराम मला 'कुंकू'त (१९३७) भेटतो. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा सिनेमा. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला ठाम नकार देते, एवढीच गोष्ट. शांता आपटे आणि केशवराव दाते. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, हे पहिल्यांदा पाहताना पटकन ध्यानात येत नाही. घरातले आवाज तेवढे आहेत: पावलं, भांडी, दार, आणि भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ नीट ऐका. काकासाहेबांच्या खोलीत त्याची टिकटिक चालू असते आणि म्हाताऱ्याचं वय प्रेक्षकाला कुणी सांगत नाही, ती टिकटिक सांगते. घड्याळ बंद पडलं तर त्याला हायसं वाटेल की भीती वाटेल, हेही आपल्याला कळेनासं होतं. दात्यांनी हा माणूस खलनायक होऊ दिलेला नाही. आरशासमोर आपलं वय झाकू पाहणारा, सुनेच्या वयाच्या बायकोपुढं खजील होणारा आणि शेवटी तिला मोकळं करण्यासाठी स्वतःला संपवणारा हा काकासाहेब चीड आणि कणव एकाच वेळी जागी करतो. आमच्याकडं जमीन बघून, वय न बघता मुली दिल्याच्या कहाण्या घराघरांत होत्या. जुन्या बायका 'कुंकू'बद्दल बोलताना आवाज खाली आणतात, ते त्यामुळंच.

'माणूस' (१९३९) त्याच्याही पुढं जातो. गणपत हवालदार धाडीच्या वेळी गाणाऱ्या मैनेला वाचवतो, तिच्यात गुंततो, तिला आईपुढं नेतो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. त्या काळात 'देवदास'नं देशभर तरुणांना झुरायला लावलं होतं. प्रेमात हरलं म्हणून आयुष्य उधळून द्यायचं नाही, हे शांतारामांनी या सिनेमातून ठणकावून सांगितलं. मैनेचं अनेक भाषांतलं गाणं सगळ्यांना माहीत असतं, पण मला ती गणपतच्या घरच्या देवापुढं उभी राहते ते जास्त आठवतं. भोळी आई तिला सून मानून मोकळी झालेली असते. मैनेला तिथं उभं राहणं असह्य होतं. तिला कुणी हाकललेलं नसतं, ती स्वतःच मागं फिरते. तिथं भाषण नाही, रडारड नाही. शांताराम इथं किती कमी दाखवतात हे पाहिलं की पुढच्या 'नवरंग'चा दिग्दर्शक हाच का, असं वाटतं.

'शेजारी' (१९४१) हिंदू-मुसलमान मैत्रीवरचा. शेवटी धरण फुटतं आणि बुद्धिबळ खेळणारे दोन मित्र एकत्र जातात. मराठीत मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि पाटील झाले केशवराव दाते. हिंदीत मिर्झा जागीरदारच, आणि ठाकूर झाले मजहर खान, म्हणजे हिंदूनं मुसलमान आणि मुसलमानानं हिंदू साकारला. आमच्या भागानं निजामाची राजवट आणि १९४८ च्या सप्टेंबरच्या आगेमागे जे घडलं ते सोसलं आहे. त्यामुळं हा सिनेमा इथं जरा वेगळ्या मनानं पाहिला जातो. धरणफुटीचा भाग भव्य आहे, पण सिनेमाची ताकद त्याआधीच्या ओट्यावरच्या गप्पांत आणि संशय हळूहळू शिरतो त्या प्रसंगांत आहे.

१९४२ साली शांताराम बाहेर पडले आणि परळला 'राजकमल कलामंदिर' उभं केलं. राजाराम वडील, कमला आई, त्यावरून नाव. आता ते स्वतःच मालक होते. 'प्रभात'मध्ये पाच भागीदारांची पाच डोकी होती, भांडणंही होती. फत्तेलालांची कलादृष्टी आणि दामल्यांची तांत्रिक शिस्त शेजारच्या खोलीत बसलेली होती. 'राजकमल'मध्ये शेवटचा शब्द एकाचाच. विषमतेचं मूळ मला इथं दिसतं.

तरी पहिली काही वर्षं जोरात गेली. सोलापूरच्या डॉक्टरांवरचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) प्रामाणिक आहे. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) वर दिग्दर्शक म्हणून बाबूराव पेंटर, पण त्यावर शांतारामांचा हात स्पष्ट दिसतो, आणि त्यातून महाराष्ट्रात तमाशापटाची वाट मोकळी झाली. होनाजी बाळावरचा 'अमर भूपाळी' (१९५१) कान महोत्सवात गेला. वसंत देसाईंचं संगीत हा त्याचा प्राण, आणि अभिनेत्री संध्याबाईंचं पदार्पण यातलंच.

मग 'झनक झनक पायल बाजे' (१९५५). टेक्निकलरमधला रंग, गोपीकृष्णांचं नृत्य, तुडुंब गर्दी. इथं आमच्याकडचा एक वेगळाच युक्तिवाद ऐकायला मिळतो. बिलोली-धर्माबादकडचे लोक तेलुगू समजतात, तेलुगू सिनेमा बघतात. ते के. विश्वनाथांचा 'शंकराभरणम्' (१९८०) किंवा 'सागर संगमम्' (१९८३) समोर ठेवतात आणि विचारतात, कलेसाठी झिजणारा माणूस इथं दिसतो तसा 'झनक झनक'मध्ये दिसतो का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. विश्वनाथांच्या सिनेमात नाचता न येण्याचं दुःख आहे, वय होण्याची लाज आहे. 'झनक झनक'मध्ये नाच आहे, आरास आहे, कारंजी आहेत. डोळा सुखावतो आणि पात्रं मनात राहत नाहीत.

दोनच वर्षांनी त्याच माणसानं रंग बाजूला ठेवला आणि काळ्या-पांढऱ्यात 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) केला. गोष्ट ग. दि. माडगूळकरांची. तिच्यामागं खरी घटना होती: औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथं खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला होता. माडगूळकर त्याच माणदेशातले. जेलर आदिनाथ सहा खुनी कैद्यांना माळरानावर नेतो, तिथं जमीन कसतो आणि त्यांच्यावर विश्वास टाकतो. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, बर्लिनमध्ये रौप्य अस्वल, हे मानसन्मान सगळ्यांना पाठ आहेत. आमच्या भागातला प्रेक्षक मात्र बाजाराच्या प्रसंगाला जास्त धरून बसतो. कैदी आपला भाजीपाला घेऊन बाजारात येतात, रास्त भावात विकतात, आणि भाव पडला म्हणून व्यापारी त्यांच्यावर तुटून पडतात. मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या आणि अडतीच्या दुकानापुढं ताटकळलेल्या शेतकऱ्याला या प्रसंगाचा अर्थ लगेच लागतो. सहा कैदी हात उचलायचा नाही म्हणून मार खात उभे राहतात, तेव्हा त्यांच्या बदलाची खरी परीक्षा होते. खडकाळ जमीन, काळे पाषाणासारखे चेहरे आणि मोकळं आभाळ यातून शांताराम काहीही सजवू शकत नव्हते. त्या माळानं त्यांना आवरलं. खेळणी विकणारी चंपा तेवढी वरून आणून बसवलेली वाटते, हे चंपा झालेल्या संध्याबाईंच्या चाहत्यांनी मनावर घेऊ नये. तिची अंगाई गोड आहे, पण ती माळरानावर रंगमंच आणते.

याच सिनेमाच्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली, काही काळ दृष्टी गेल्यासारखी झाली. त्यातून उठून त्यांनी 'नवरंग' (१९५९) केला. डोळ्यांवरची पट्टी निघालेल्या माणसाला जगातले सगळे रंग एकदम हवेसे वाटले असतील, हे मी समजू शकतो. सी. रामचंद्रांची गाणी आजही होळीला वाजतात. पण सिनेमा गाण्यांमधल्या जागा भरून काढतो एवढंच. पुढचं दशक मी भरभर ओलांडतो. 'स्त्री' (१९६१) ही आपल्याच 'शकुंतले'ची पुन्हा मांडणी. 'सेहरा', 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४, यातून जितेंद्र आले), 'बूँद जो बन गई मोती', 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' (१९७१). प्रत्येकात एखादं गाणं, एखादी चौकट डोळ्यात भरते. पूर्ण सिनेमा म्हणून परत बघावा असा त्यात एकही नाही, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

आणि मग सत्तरी ओलांडलेल्या शांतारामबापूंनी १९७२ साली 'पिंजरा' दिला. कथा अनंत माने, संवाद शंकर पाटील, संगीत राम कदम, गीतं जगदीश खेबुडकर. मूळ धागा जर्मन 'ब्लू एंजल'चा (१९३०), जिथं एक प्राध्यापक गाणारणीच्या पायी विदूषक होतो. पण शंकर पाटलांच्या भाषेनं तो पार मराठी मातीतला केला. आवरणारा लेखक पुन्हा भेटला होता, आणि पडद्यावर आवरणारा नट म्हणजे डॉ. श्रीराम लागू. तमाशाला गावाबाहेर काढणारे गुरुजी फडातल्या चंद्रकलेच्या पायी तमाशातच तुणतुणं धरतात. तिकडं गावाला एक प्रेत सापडतं, ते गुरुजींचं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं. पुढं फड त्याच गावात येतो, आणि गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात पकडले जातात. खरं सांगितलं तर जीव वाचेल, पण पुतळा पडेल. ते गप्प राहतात.

यावर आमच्याकडं सर्वांत तापलेला वाद होतो. 'तुम्ही नुसत्या लावण्या बघायलात, गुरुजी कुठं बघायलात?' असं तमाशाप्रेमींना कुणीतरी सुनावतंच. शिक्षक मंडळींना गुरुजींचं मौन थोर वाटतं, गावाचा आदर्श मोडू नये म्हणून दिलेला जीव वाटतो. मला ते पटत नाही. लागूंचा अभिनय अस्सल आहे, पुतळ्यासमोर उभा राहिलेला दाढी वाढलेला गुरुजी विसरता येत नाही. पण सिनेमा त्या पुतळ्याच्या बाजूनं उभा राहतो. ज्या गावानं चेहरा न ओळखता माणसाला देव केलं, त्या गावाला तो एकही अवघड प्रश्न विचारत नाही. चंद्रकला खरं सांगायला धावते तर तिची वाचाच जाते. फडातल्या बाईला खरं बोलण्याची संधी मिळत नाही, आणि ती न मिळण्याची व्यवस्था कथेनंच करून ठेवली आहे.

इथं 'माणूस' आठवावाच लागतो, कारण गोष्ट जवळजवळ तीच आहे. सरळमार्गी नोकरदार पुरुष, लोकांनी खाली ढकललेली गाणारी बाई, आणि मध्ये समाजाची नजर. १९३९ साली मैनेला स्वतःचा निर्णय आहे. ती तुरुंगात जाते, गणपतनं सोडवायला यावं हे तिला मंजूर नसतं, आणि गणपत परत कामावर जातो. जगायचं, हा त्या सिनेमाचा हट्ट आहे. तेहेतीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकानं पुरुषाला फासावर चढवलं आणि बाईची जीभ उचलली. लावण्या कितीही बहारदार असल्या, राम कदमांची ढोलकी कितीही अंगात भिनली, तरी या मुद्द्यावर 'माणूस' माझ्यासाठी पुढं राहतो.

'चानी' (१९७७) खानोलकरांच्या कादंबरीवरचा, रंजनाला घेऊन केलेला. गावानं बहिष्कृत केलेल्या गोऱ्या, घाऱ्या पोरीची ही गोष्ट त्यांच्या उशिराच्या कामात मला सर्वांत कमी चर्चिलेली आणि सर्वांत चर्चा करण्यासारखी वाटते. शेवटचा 'झंझार' बघायला तंबूतले जुने चाहतेही फारसे गेले नाहीत. १९८५ चा फाळके पुरस्कार मिळाला, १९९० साली ते गेले.

नायगावसारख्या ठिकाणी 'पिंजरा' आणि 'माणूस' या दोन सिनेमांचा खेळ एका आठवड्यात, एकापाठोपाठ लावावा अशी माझी इच्छा आहे. पहिल्या दिवशी 'पिंजरा', कारण त्याला गर्दी आपोआप होईल. दुसऱ्या दिवशी 'माणूस', आणि तो संपल्यावर लगेच दिवे न लावता बायकांना आधी बोलू द्यावं, कारण आजवरच्या सगळ्या वादात चंद्रकला आणि मैना यांच्याविषयी बोलले ते बहुतेक पुरुषच.