श्वासाच्या स्नायूंची तालीम

हे वाचता वाचताच एक हात बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर ठेवा आणि शांतपणे श्वास घ्या. हात किंचित पुढे ढकलला जातो ना? हवा जाते छातीत आणि हलते मात्र पोट, हे कसे?

छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा एक पातळ, घुमटासारखा स्नायू आहे. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होत खाली सरकतो. शांत श्वासात तो जेमतेम एक-दोन सेंटिमीटर सरकतो, खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. खालच्या अवयवांना जागा करून द्यावी लागते, म्हणून पोट पुढे येते. वर छातीची पोकळी वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी होतो आणि हवा आत शिरते. श्वास सोडताना, निदान स्वस्थ बसलेले असताना, स्नायूंना जोर लावावा लागत नाही. श्वासपटल सैल पडते आणि ताणलेली फुप्फुसे आपोआप आक्रसतात.

म्हणजे हवा ओढण्याचे काम फुप्फुसांचे नव्हेच. ते श्वासपटलाचे आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचे आहे. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाला २१,६०० वेळा हे स्नायू काम करतात, तेही आपल्या नकळत. आता प्रश्न असा की, दंड आणि मांड्या जशा व्यायामाने बळकट होतात, तसे हे स्नायूही होतील काय?

हा प्रश्न अलीकडे फार महत्त्वाचा ठरला, तो दीर्घ कोविडमुळे. २०२० साली कोविड-१९ ची साथ आली. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे झाले. काहींचा ताप गेला, तपासणीत विषाणूही सापडेना, पण थकवा आणि धाप महिनोन्‌महिने राहिली. ‘दीर्घ कोविड’ हे नाव डॉक्टरांनी नव्हे, रुग्णांनीच प्रथम वापरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराची व्याख्या केली. आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे तीत येतात.

अशा माणसाची अडचण समजून घ्या. बोटाला लावलेला ऑक्सिजनमापक ९८ दाखवतो, छातीचा क्ष-किरण फोटोही कधी कधी स्वच्छ येतो, आणि तरी जिन्याच्या दहाव्या पायरीवर त्याला थांबावे लागते. मग घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ आपल्या शेजारी, शाळेत, कदाचित घरातही असे कोणी असेल. तेव्हा धाप म्हणजे काय, हे जरा नीट पाहू.

श्वास घेण्याची ताकद मोजता येते. माणसाने एका नळीतून सर्व जोर लावून हवा ओढायची आणि आत किती दाब घटला ते पाहायचे. हे माप पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये देतात. निरोगी प्रौढांत ते साधारणपणे ८० ते १०० च्या आसपास भरते. वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुषांप्रमाणे कमीजास्त असते. (नळीला मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवतात. नाहीतर माणूस नुसत्या गालांनी चोखून मोठा आकडा दाखवू शकतो!)

आता हिशेब करा. समजण्यापुरते असे धरू की, जिना चढताना प्रत्येक श्वासाला २० सेंटिमीटरची ओढ लागते. ज्याची कमाल ताकद १०० आहे, त्याचा एक पंचमांश जोर खर्च झाला. ज्याची ताकद घटून ५० वर आली आहे, त्याला त्याच जिन्यासाठी दोन पंचमांश जोर लावावा लागतो. कमजोर स्नायूकडून तेवढेच काम करून घ्यायला मेंदूला अधिक जोराचा हुकूम सोडावा लागतो, आणि हा वाढलेला हुकूम आपल्याला धाप म्हणून जाणवतो. रक्तात प्राणवायू भरपूर असूनही दम लागतो, त्याचे हे एक कारण आहे.

ही नुसती कल्पना नाही. जर्मनीतील आखेन येथील संशोधकांनी कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागलेल्या व्यक्तींना सुमारे १५ महिन्यांनी तपासले. त्यांनी मानेतील, श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला चुंबकीय धक्का देऊन श्वासपटल किती जोराने आकसते ते मोजले. यात माणसाच्या इच्छेचा संबंधच येत नाही, म्हणून ‘त्याने मनापासून जोर लावला नसेल’ ही शंका उरत नाही. श्रमाने धाप लागणाऱ्यांत श्वासपटलाची कमजोरी आढळली. हे काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग तालीम कशी द्यायची? आपल्या पाठ्यपुस्तकातील फुग्याची आकृती आठवा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून तेथे रबरी पडदा ताणून बसवा आणि तोंडात फुगा अडकवा. पडदा खाली ओढला की फुगा फुगतो. आता बाटलीचे तोंड अंगठ्याने अर्धेअधिक झाका आणि तितक्याच झपाट्याने पडदा ओढा. बोटांना जास्त जोर लागला ना? तालमीच्या उपकरणात नेमके हेच होते. त्यातील एका प्रकारात स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. ठरलेल्या दाबाइतकी ओढ लागल्याशिवाय ती उघडतच नाही. स्प्रिंग घट्ट केली की भार वाढला. पैलवानाला वजनदार मुद्गल, तशी श्वासपटलाला ही झडप.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. २०२०-२१ मध्ये आपल्याकडे अनेक घरांत तीन रंगीत गोळ्यांचे उपकरण आले. त्यातील गोळ्या साधारणपणे सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० घन सेंटिमीटर प्रवाहाला वर उचलल्या जातात. खोल श्वास घ्यायची आठवण देण्यासाठी ते ठीक आहे, पण स्नायूंवर मोजून वाढवता येईल असा भार ते टाकत नाही.

आता खरी परीक्षा. तालमीने स्नायू बळकट होतो, पण माणसाला बरे वाटते का? आणि वाटलेच, तर ते तालमीमुळे की ‘मला उपचार मिळतो आहे’ या भावनेमुळे? स्पेनमध्ये झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने हा पेच छान सोडवला. दीर्घ कोविडच्या ८८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले, प्रत्येकी २२ जणांचे. एका गटाने श्वास घेण्याच्या स्नायूंना तालीम दिली, दुसऱ्याने घेण्याच्या आणि सोडण्याच्याही. उरलेल्या दोन गटांना लुटुपुटूची तालीम दिली. त्यांच्या उपकरणांत स्नायूंना व्यायाम घडेल असा विरोधच नव्हता. सर्वांनी घरीच, दिवसाला ४० मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस, आठ आठवडे सराव केला. खऱ्या तालमीच्या दोन्ही गटांत श्वास घेण्याची ताकद स्पष्ट वाढली. जीवनमान मात्र फक्त दुहेरी तालमीच्या गटात सुधारले. आणि श्रम सोसण्याची शक्ती? ती कोणत्याच गटात सुधारली नाही!

त्याआधी, २०२२ मध्ये, वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात २८१ जण होते. तालमीच्या गटाने घरी आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे सराव केला. धाप कमी झाली आणि श्वासाचे स्नायू बळकट झाले, पण जीवनमानाच्या एकूण गुणांत ठोस फरक दिसला नाही. यात लुटुपुटूचा गट नव्हता, शिवाय जेमतेम निम्मे लोक शेवटपर्यंत टिकले. दोन्हींत मला स्पेनचा प्रयोग लहान असूनही अधिक विश्वासार्ह वाटतो. कारण तुमच्या लक्षात आलेच असेल.

एक गोष्ट मात्र पैलवानाच्या आखाड्यापेक्षा अगदी उलटी आहे. दीर्घ कोविडच्या अनेक रुग्णांना थोडे श्रम जास्त झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते. त्यांना ‘आणखी थोडा जोर लाव’ म्हणणे घातक ठरते. म्हणून ही तालीम डॉक्टर किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने, हलक्या भाराने सुरू करतात. रुग्णाने रोज वहीत थकवा लिहून ठेवायचा; दुसऱ्या दिवशी तो वाढला तर भार कमी करायचा किंवा थांबायचे. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा फुप्फुसातून नुकतीच छातीत हवा शिरली असेल, तर हे उपकरण तोंडाला लावूच नये. आणि घरात कोणी ते वापरत असेल, तर गंमत म्हणून तुम्ही ओढून पाहू नका. ते एकाच व्यक्तीचे असते आणि वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावे लागते.